पुरेसा उजेड

हिंगमिरेबाईंचं टेबल हलवायला चार माणसं लागली. सागवानी फळीचं, पाच फुटी, तिरकं होणारं नकाशाचं टेबल ते. दारातून आडवं जाईना, उभं केलं तर वरची चौकट अडवी. दोन शिपाई आणि मोजणीच्या कामावरचे दोन खलाशी घामाघूम होऊन ते नेत होते आणि मी मागून ‘कोपरा जपा, कोपरा जपा’ म्हणत होतो. बाई एका हातात शाईच्या बाटल्या आणि दुसऱ्या हातात रूलिंग पेनांची डबी घेऊन गुमान चालल्या होत्या. ती डबी त्या कधीच कुणाच्या हाती देत नसत.

टेबल ठेवलं ते रेकॉर्डरूमच्या बोळात. बोळाला खिडकी नव्हती. टेबलाजवळच, पूर्वेच्या टोकाला, एक दार होतं, पण रेकॉर्ड सांभाळायचं म्हणून ते बारा महिने कुलूप घालून बंद असे. छतातून साठचा एक दिवा लोंबत होता. बाईंनी टेबलाची फळी तिरकी केली, त्यावर कागद ठेवून पाहिला, मान वाकवली आणि म्हणाल्या, “साहेब, इथे बारीक रेघ दिसायची नाही.”

“तात्पुरतं आहे बाई. बघू काहीतरी,” मी म्हणालो.

ही ब्याऐंशी सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी कालव्यांचं विभागीय कार्यालय होतं, तिथे मी प्रमुख आरेखक होतो. माझं आडनाव टाकळकर. हाताखाली आठ माणसं. त्यात वत्सला हिंगमिरे या अनुरेखक. म्हणजे काम असं, की मूळ नकाशावर पारदर्शक मेणकापड अंथरायचं आणि खालची रेघ न् रेघ, आकडा न् आकडा काळ्या शाईनं वर उतरवायचा. त्यावरून मग छापील प्रती निघत, त्या प्रती घेऊन माणसं शेतात जात आणि पाण्याची चारी खोदत. बाई अकरा वर्षं हेच करत होत्या. महिन्याला बारा नकाशे हा त्यांचा नेम आणि खाडाखोड जवळजवळ शून्य. शेजारच्या जिल्ह्यातले अभियंते अवघड नकाशे आमच्याकडे पाठवत, ते बाईंच्या हातासाठी.

आता टेबल का हलवलं ते सांगतो. आमच्या नकाशाच्या हॉलला उत्तरेला दोन खिडक्या होत्या. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, सावली हलत नाही, म्हणून आमच्या धंद्यात त्याला मोल. एका खिडकीशी माझं टेबल, दुसरीशी बाईंचं. त्या वर्षी आमचे कार्यकारी अभियंता बिडवेसाहेब यांनी हॉलचा एक भाग फळ्या लावून तोडला आणि तिथे पाहुण्या अधिकाऱ्यांसाठी खोली केली. एक खिडकी त्यात गेली. दोघांपैकी एकाचं टेबल हलणार हे ठरलं, आणि कुणाचं ते साहेबांनी माझ्यावर सोडलं.

माझं काम तपासणीचं आणि सह्यांचं. ते ट्यूबच्या उजेडात खुशाल झालं असतं. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

पण त्याआधी पंधरा दिवसांपूर्वी एक प्रसंग घडला होता. मी एका वितरिकेचा, म्हणजे छोट्या कालव्याचा, उभा छेद काढून साहेबांपुढे मांडला होता, चारपाच उपअभियंते भोवती उभे होते, आणि बाई कसलीशी प्रत द्यायला आत आल्या. त्यांची नजर माझ्या कागदावर गेली आणि सहज बोलून गेल्या, की इथे तलांक उलटे पडलेत, पाणी चढावर जाईल. सगळे हसले. साहेब म्हणाले, टाकळकर, तुमच्यापेक्षा बाईंची नजर साफ आहे. बाईंना त्यात काही वाटलं नसावं, चूक होती ती सांगितली. मला मात्र ते जिव्हारी लागलं. मी कुणापाशी बोललो नाही. टेबल हलवायची वेळ आली तेव्हा जराही विचार न करता मी बोळाकडे बोट दाखवलं.

पहिल्या महिन्यात बाईंचे नऊ नकाशे झाले. दुसऱ्या महिन्यात सात. त्या मला दोनदा सांगून गेल्या, की दिवा फार वर आहे, हाताची सावली नेमकी रेघेवर पडते, टेबलावर एखादा दिवा मिळाला तर बरं. दोन्ही वेळा मी म्हणालो, मागणी करतो, तुम्ही लेखी देऊ नका, उगाच कागद वाढतो. मागणी मी केली नाही. मुद्दाम केली नाही असंही म्हणवत नाही. रोज सकाळी वाटायचं आज करू, आणि मग त्या बोळातून येताना दिसल्या की ते हसणं आठवायचं आणि राहून जायचं.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी आपलीच तोड काढली. ऑफिस साडेदहाचं, त्या साडेआठला येऊ लागल्या. मागच्या व्हरांड्यात एका साध्या टेबलावर फळी टेकवून कोवळ्या उन्हाच्या उजेडात दोन तास काम करायच्या. त्यांचे यजमान शाळेत शिक्षक होते, मुलगी नववीत. घरचं सगळं आवरून यायचं म्हणजे पहाटेच उठत असतील. आकडा चढून दहावर आला. एके दिवशी बिडवेसाहेब लवकर आले, त्यांनी पाहिलं आणि मला विचारलं, बाई बाहेर का बसतात? विचारणं साधंच होतं. मला मात्र वाटलं की आपल्यावर बोट ठेवलं. मी त्याच दिवशी बाईंना सांगितलं की सरकारी मूळ नकाशे इमारतीबाहेर नेता येत नाहीत, वारा आहे, धूळ आहे, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? नियम होताच तसा. बाईंनी “बरं” म्हटलं आणि फळी आत नेली.

त्याच सुमाराला मंडळ कार्यालयाकडून छापील फॉर्मांचा गठ्ठा आला. वर मथळा होता, ‘कर्मचाऱ्यांच्या कामगिरीवर परिणाम करणारे घटक’. वरच्या कुणाच्या तरी मनात आलं होतं की कामं का रेंगाळतात याचा छडा लावावा. बसायची जागा कशी आहे, हवा, उजेड, पिण्याचं पाणी, सहकाऱ्यांची वागणूक, वरिष्ठांची वागणूक, असे वीसेक प्रश्न आणि प्रत्येकापुढे उत्तर हातानं लिहायला एक ओळ. प्रत्येकानं आपला फॉर्म आपण भरायचा होता. गठ्ठा चार दिवस माझ्या टेबलावर पडून राहिला आणि पाचव्या दिवशी तो रवाना करायचा होता. मी एका बैठकीत आठही फॉर्म भरले. सगळीकडे पुरेसा, पुरेसा, चांगली, चांगली. मग शेवटचं पान वर करून एकेकाची सही घेतली. बाईंनी विचारलं, कसलं आहे? मी म्हणालो, पाहणी आहे, दरवर्षीसारखी. त्यांनी बोळातल्या त्या दिव्याखाली, कागद डोळ्यांजवळ धरून, सहीची जागा शोधली आणि सही केली.

पुढे जे व्हायचं ते झालं. पाचव्या महिन्यात बाईंनी उतरवलेल्या एका नकाशात गट नंबर १६८ चा १६३ झाला. जुना गावनकाशा, पुसट इंग्रजी आकडा, आठाचा तीन. माझ्याकडे तो तपासायला आला तेव्हा मीही नजर फिरवून सही केली, कारण बाईंच्या नकाशात कधी चूक नसते हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. त्या नकाशावरून चारीचं दार बांधलं गेलं ते पाच शेतं सोडून भलत्याच्या बांधावर. पाणी सुटलं तेव्हा ज्यांना मिळायचं त्या चौघांची ज्वारी कोरडी राहिली आणि ज्याला नको होतं त्याच्या हरभऱ्यात गुडघाभर पाणी साचलं. लोक ऑफिसवर चालून आले. दार फोडून पुन्हा बांधावं लागलं, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि मंडळातून पुंडेसाहेब चौकशीला येणार असं कळलं.

त्यांच्या कचेरीतून मला फोन आला, कोणती वेळ सोयीची? मी म्हणालो, सकाळी अकरा.

बोळाचं पूर्वेचं दार त्या दिवशी उघडून ठेवलं होतं. साहेब येणार, वारा खेळता राहावा, असं मी शिपायाला सांगितलं होतं. मार्च महिना होता. ते दार उघडं असलं तर साडेदहा ते साडेअकरा या वेळात ऊन थेट टेबलापर्यंत येतं, हे मला ठाऊक होतं, कारण आदल्या आठवड्यात मी एकटाच तिथे जाऊन ते पाहून आलो होतो.

पुंडेसाहेब वयस्कर गृहस्थ, जाड भिंगाचा चष्मा, आवाज मऊ. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं आणि चूक कशी झाली ते विचारलं. बाई म्हणाल्या, चूक माझीच आहे, पण या जागेवर उजेड कमी पडतो. पुंडेसाहेबांनी खिशातलं रेल्वेचं वेळापत्रक काढलं, टेबलावर धरलं आणि बारीक टायपातल्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या.

“मला तर दिसतंय बाई, या चष्म्यातून,” ते म्हणाले. मग त्यांनी फाईलमधून फॉर्म काढला. “आणि हे बघा, तुम्हीच लिहून दिलंय, उजेड पुरेसा. ही सही तुमचीच ना?”

बाईंनी सही पाहिली, वरचं पान उलटून पाहिलं. अक्षर माझं होतं. आठ वर्षं त्या माझं अक्षर ओळखत होत्या. मला वाटलं, आता त्या माझ्याकडे वळणार आणि म्हणणार, हे तुम्ही भरलंत. पण बाई एवढंच म्हणाल्या, “सही माझी आहे. मी वाचून करायला हवी होती.” आणि थोडं थांबून, “उजेडाचं मी टाकळकरसाहेबांना तोंडी सांगितलं होतं. दोनदा. कामाच्या गर्दीत त्यांच्या लक्षात राहिलं नसेल.”

पुंडेसाहेब माझ्याकडे वळले. “टाकळकर?”

त्या एका क्षणात काय काय डोक्यातून गेलं ते मी आजही क्रमानं सांगू शकतो. हो म्हणावं, तर मागणी का केली नाही? फॉर्म खोटा का भरला? बाईंना आत का कोंडलं? आणि तपासणीची सही कुणाची? एका हो पाठोपाठ सगळं ओवल्यासारखं बाहेर येणार होतं. शिवाय बाईंनीच मला वाट काढून दिली होती.

“मला आठवत नाही साहेब,” मी म्हणालो. “आणि उजेड तर इथे पुरेसा आहे. दिवसभर असाच असतो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या नजरेत राग शोधला. राग नव्हता. अगदी विश्वासातल्या माणसानं आपल्याला न पटणारी गोष्ट सांगितली की आपण कसं पाहतो, तसं त्या पाहत होत्या. मग त्यांनी टेबलावरच्या उन्हाकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि खाली मान घातली. पुढच्या कोणत्याही प्रश्नाला त्यांनी वाद घातला नाही.

बाईंवर हलगर्जीपणाचा ठपका आला, त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. मला सौम्य शब्दांत समज मिळाली. यापेक्षा जास्त काही झालं नाही, आणि मी मनात म्हणालो, चला, निभावलं. महिनाभरानं बाईंचा अर्ज माझ्याकडे आला. अनुरेखनाचं काम आपल्याला यापुढे झेपणार नाही, तरी धरणाच्या जागेवर हजेरी लिहिण्याचं किंवा भांडाराचं काम द्यावं, अशी विनंती होती. धरण साठ किलोमीटर लांब. मला वाटलं, रागानं जातायत. मी त्यावर ‘शिफारस’ लिहिलं आणि पुढे पाठवलं. त्या गेल्या तेव्हा ती पेनांची डबी कार्यालयात जमा करून गेल्या. पेनं सरकारी नव्हती, त्यांच्या स्वतःच्या पैशांची होती. शिपायानं तसं सांगितलं तर म्हणाल्या, राहू दे, कुणाला तरी उपयोगी पडतील.

त्यांच्या जागी ढवळे नावाचा नवा माणूस आला. पहिल्याच दिवशी त्यानं बोळात उजेड पुरत नाही म्हणून माझ्याकडे लेखी तक्रार दिली. मी मागणी केली. तिसऱ्या दिवशी टेबलावर दोन ट्यूब बसल्या. तीन दिवस, बस. ढवळे काही मोठा कारागीर नव्हता, पण सहा महिन्यांत तो महिन्याला चौदा नकाशे काढू लागला. बिडवेसाहेबांनी वार्षिक अहवालात लिहिलं, की टाकळकर यांनी शाखेची कार्यक्षमता लक्षणीय वाढवली. त्या शेऱ्यावर मला बढती मिळाली आणि मी मंडळाच्या गावी गेलो.

लोक म्हणतात, काळ गेला की टोचणी बोथट होते. माझं उलट झालं. नव्या जागी माझ्या हाताखाली तीस माणसं होती. कुणाचं काम मागे पडलं की मी आधी त्याची खुर्ची कुठे आहे ते जाऊन पाहत असे, पंखा चालतो का बघत असे, दिव्याची बटणं स्वतः दाबून बघत असे. माणसं म्हणायची, टाकळकरसाहेब फार दयाळू. ते ऐकून मला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बायकोला एकदा सांगायला बसलो, तर अर्ध्यातच थांबलो. फॉर्मपर्यंत सांगितलं, त्यापुढचं तोंडातून निघेना.

नऊ वर्षांनी त्या धरणावर जायचा योग आला. योग कसला, दौऱ्याच्या यादीत मीच ते नाव घातलं. सकाळी दहाच्या सुमाराला जीप वसाहतीत पोचली. भांडाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाई हजेरीचं बाड पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, बाकी तशाच. मला पाहून उठल्या, खुर्ची पुसली, शेडच्या मागे चूल होती तिथून चहा आणवला. माझ्या मुलांची विचारपूस केली. मुलीचं लग्न झालं, यजमान निवृत्त झाले, असं सांगितलं. मी सगळ्याला हं हं म्हणत होतो. शेवटी चहाचा कप खाली ठेवून मी म्हणालो,

“बाई, त्या दिवशी मला आठवत होतं.”

त्यांना आधी कळलं नाही. कोणत्या दिवशी, म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं. ते हसणं, बोळ, न केलेली मागणी, फॉर्म, अकराची वेळ, उघडं दार. एकही गोष्ट ठेवली नाही. सांगताना मला वाटत होतं, बाई आता ताडकन बोलतील, चार शब्द सुनावतील, आणि मी ते मुकाट ऐकून घेईन. त्यासाठीच मी आलो होतो, खरं तर.

बाईंनी बाहेर पाहिलं. शेडबाहेर बाया पाट्या घेऊन रांगेत उभ्या होत्या, हजेरीची वाट पाहत.

“फॉर्म तुमच्या अक्षरात होता, ते मी ओळखलं होतं,” त्या म्हणाल्या. “पण मला वाटलं, तुम्हाला खरंच दिसत असेल तिथे. म्हणून लिहिलं असेल.” मग म्हणाल्या, “त्या साहेबांनी बारीक अक्षर वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, दिवसभर असाच असतो. तुम्ही कधी खोटं बोलला नव्हतात माझ्याशी. दार उघडं होतं हे मला दिसलं होतं, तरी मी तुमचंच खरं धरलं.”

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

“शहरात जाऊन तीन डॉक्टरांना डोळे दाखवले. तिघंही म्हणाले, नजर चांगली आहे. मग मी समजले, की हातच गेला. डोळे चांगले, उजेड पुरेसा, मग दुसरं काय राहिलं?” त्या सावकाश, हिशेब जुळवत असल्यासारखं बोलत होत्या. “म्हणून इकडे मागून घेतलं. पुन्हा कुणाचं पीक बुडायला नको म्हणून.”

“हाताला काही झालं नव्हतं बाई,” मी म्हणालो. “तुमच्यासारखा हात मी नंतर पाहिला नाही.”

“दाराशी रांगोळी काढायचीसुद्धा सोडली मी,” बाई म्हणाल्या. “दिवाळीत पोरगी मागे लागायची. सांगायचे, नको गं, रेघ सरळ येत नाही आता. नऊ वर्षं.”

बाहेरून कुणीतरी हाक दिली, बाई, हजेरी घेता ना? बाई हो म्हणाल्या, पण बाड उघडलं नाही. त्यांनी उजवा हात टेबलावर पालथा ठेवला, बोटं हळूच पसरली आणि त्या हाताकडे पाहत राहिल्या. मी उठलो, नमस्कार केला, दाराशी जाऊन एकदा मागे वळलो. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या हाताकडेच पाहत होत्या.